पॉपकॉर्नचं छत आणि झाकलेलं कोंबडं

अमेरिकेत जुनं घर घेणाऱ्या मराठी माणसाचा प्रवास ठरलेला असतो. आधी शाळेचं रेटिंग, मग व्याजाचा दर, मग देवघर कुठल्या कोपऱ्यात बसेल यावर घरात एक परिसंवाद. शेवटी एकदाची किल्ली हातात येते. माणूस रिकाम्या हॉलच्या मधोमध उभा राहतो, मान वर करतो आणि म्हणतो, "हे आधी काढायचं."

'हे' म्हणजे छताला चिकटलेले पॉपकॉर्न.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात वर्णन: कुणीतरी साबुदाण्याची खिचडी करायला घेतली, ती बिघडली, आणि त्याने रागाच्या भरात पातेलं उलटं करून छतावर फेकून मारलं. मग ती तिथेच वाळली. फ्रीमाँट, सनीव्हेल, सॅन होजे या भागातल्या साठ-सत्तरच्या दशकातल्या घरांत हॉल आणि बेडरूममध्ये ही खिचडी हमखास सापडते. स्वयंपाकघर आणि बाथरूम तेवढं बहुतेक वेळा सुटलेलं असतं, कारण वाफ आणि तेलकटपणा या पदार्थाला मानवत नाही. रात्री कोपऱ्यातला दिवा लावला की प्रत्येक दाण्याची सावली पडते. कोळ्याची जाळी अडकतात. झाडू लावला तर दाणे डोक्यावर पडतात, पुसायला जावं तर लगदा हातात येतो. दिसायला भिकार आहे, यावर माझा कुणाशीही वाद नाही.

वाद पुढचा आहे. छत खरवडायचं, झाकायचं की तसंच ठेवायचं हा आवडीनिवडीचा आणि पैशांचा प्रश्न झाला. त्याच्या आधी एक प्रश्न येतो: त्या खिचडीत नेमकं काय घातलंय? आणि माझा अनुभव असा आहे की एरवी दोनशे डॉलरचा व्हॅक्युम क्लीनर घेण्याआधी चारशे रिव्ह्यू वाचणारी आपली माणसं हा प्रश्न विचारत नाहीत. सुचत नाही म्हणून नव्हे, तर उत्तर नको असतं म्हणून. मला आज भांडायचंय ते याच्याशी.

आधी थोडा इतिहास, म्हणजे भांडण बिनबुडाचं वाटणार नाही.

अमेरिकेतली घरं लाकडी सांगाड्याची. छत म्हणजे जिप्समच्या पाट्या, ज्याला इथे ड्रायवॉल म्हणतात. चार फूट बाय आठ फुटांच्या या पाट्या वरच्या लाकडी तुळयांना स्क्रूने ठोकायच्या, मधल्या सांध्यांवर कागदी पट्टी लावायची, त्यावर लुकण लावायचं, घासायचं, परत लावायचं, परत घासायचं. या फिनिशिंगच्या धंद्यात शून्य ते पाच अशा पायऱ्या असतात. आरशासारखं सपाट छत म्हणजे पाचवी पायरी. ती गाठायला कसबी माणूस लागतो आणि वेळ लागतो, कारण छतावर खिडकीतला तिरपा उजेड पडतो आणि त्यात एकेक सांधा उघडा पडतो.

युद्धानंतर घरं झपाट्याने उभी राहायला लागली तेव्हा बिल्डरांना एक सोपी युक्ती सापडली. सांधे जेमतेम भरायचे आणि वरून पंपाने दाणेदार मिश्रण फवारून टाकायचं. सगळे दोष पोटात. शिवाय खोली कमी घुमते, असं सांगून 'अकूस्टिक सीलिंग' या भारदस्त नावाने तेच विकताही आलं. म्हणजे बग फिक्स न करता त्यालाच फीचर म्हणायची पद्धत आपल्या धंद्यात सुरू झाली असा माझा समज होता. गवंडी आपल्या कितीतरी पुढे होते. :-)

त्या मिश्रणात कधी कागदाचा लगदा, कधी व्हर्मिक्युलाइट नावाचं फुगवलेलं खनिज, कधी पॉलिस्टायरीनचे मणी आणि चिकटायला बाइंडर. पण बऱ्याच मिश्रणांत आणखी एक गोष्ट काही टक्के असायची: ॲसबेस्टॉस. स्वस्त, न जळणारं, मिश्रण धरून ठेवणारं. गुणी पोरगं, फक्त माणसं मारतं एवढाच दोष.

१९७३ साली ईपीएने, म्हणजे इथल्या पर्यावरण खात्याने, आग आणि उष्णता रोखण्यासाठी एक टक्क्याहून जास्त ॲसबेस्टॉस असलेलं मिश्रण फवारायला बंदी केली. शोभेसाठी केलेल्या फवारणीपर्यंत ती बंदी पोचायला १९७८ उजाडलं. बंदी आली तरी आधीच तयार असलेला माल वापरून संपवायची मुभा होती. म्हणजे "आमचं घर १९८१चं आहे, आम्ही सुटलो" हे म्हणणं तितकंसं खरं नाही. बांधकामाचं वर्ष ही शक्यता आहे, उत्तर नाही.

आता हा धोका काय प्रकारचा आहे तेही नीट समजून घेऊ, कारण यात दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती चालते. छताला घट्ट चिकटून बसलेलं ॲसबेस्टॉस तुम्हाला काही करत नाही. ते काही वायू सोडत नाही, किरणं फेकत नाही. ईपीएचा सल्लाही हाच आहे की माल चांगल्या अवस्थेत असेल तर त्याला हात लावू नका. भानगड होते ती खरवडल्यावर, छिद्र पाडल्यावर, छत गळून लगदा निखळल्यावर. त्यातले तंतू इतके बारीक असतात की डोळ्याला दिसत नाहीत आणि हवेत तासन् तास तरंगतात. श्वासातून फुप्फुसात गेले की शरीराला ते सहज बाहेर काढता येत नाहीत. पुढे ॲसबेस्टोसिस, फुप्फुसाचा कॅन्सर, मेसोथेलिओमा. सिगरेट ओढणाऱ्याचा फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका तर यामुळे कित्येक पटींनी वाढतो. आणि यातली सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे वेळ. आजार उपटायला वीस, तीस, चाळीस वर्षं लागतात. आज उडालेल्या धुळीचं बिल २०५५ साली येणार. तेव्हा ते घर तुमचं नसेल, काँट्रॅक्टरचा नंबर लागत नसेल आणि कुठल्या धुळीने हे झालं ते कुणालाच सांगता येणार नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर हा असा बग आहे की कोड चेक-इन केल्यावर तीस वर्षांनी सिस्टिम कोसळते आणि लॉग फाइल शिल्लक नसते.

आता मूळ मुद्दा. यावर उपाय काय? एक चाचणी. छताचा चिमूटभर तुकडा लॅबमध्ये पाठवायचा. तिथे ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि काही दिवसांत कळवतात की ॲसबेस्टॉस आहे की नाही, असेल तर कुठलं आणि किती टक्के. खर्च एका नमुन्याला साधारणपणे शंभर डॉलरच्या आत. चौघांनी बाहेर बरंसं जेवण केलं की त्याहून जास्त होतात.

तरीही लोक करत नाहीत. का?

गेल्या वर्षी एका ओळखीच्यांकडे वास्तुशांतीला गेलो होतो. घर १९७४चं. हॉलचं छत कसं गुळगुळीत, पांढरं शुभ्र, त्यात बसवलेले दहा-बारा दिवे. मी विचारलं, "टेस्ट केली होतीत का?" यजमान हसले. म्हणाले, "काँट्रॅक्टरच म्हणाला, साहेब टेस्ट करू नका. केलीत आणि निघालं, तर या भावात मला करता येणार नाही. शिवाय पुढे घर विकताना सांगावं लागेल." आजूबाजूच्या तिघांनी माना डोलावल्या. एकाने तर त्याचा नंबर मागून घेतला.

त्या काँट्रॅक्टरचं एक वाक्य अगदी खरं होतं. कॅलिफोर्नियात घर विकताना विकणाऱ्याला एक फॉर्म भरून द्यावा लागतो. त्यात घरात ॲसबेस्टॉस, शिशाचा रंग, रेडॉन असल्या गोष्टी असल्याचं तुम्हाला माहीत आहे का, असं विचारलेलं असतं. शब्द नीट बघा: माहीत आहे का? माहीत असेल तर सांगा. मग आपल्या हुशार माणसाच्या डोक्यात लगेच दिवा पेटतो. माहीतच करून घेतलं नाही तर सांगायचं काय? खोटंही बोललो नाही, घराची किंमतही पडली नाही. वा!

आपल्याकडे म्हण आहे, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. हे कोंबडं झाकणंच आहे. फरक एवढाच की यातलं तांबडं आपल्या अंगणात फुटत नाही, दुसऱ्याच्या फुटतं.

आणि ही काही आपण शोधलेली युक्ती नव्हे. ॲसबेस्टॉसचा सगळा इतिहासच या एका युक्तीवर चाललाय. १९२४ साली इंग्लंडमध्ये गिरणीत काम करणाऱ्या नेली कर्शॉचा मृत्यू ॲसबेस्टॉसमुळे झाला असं वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. १९३१ साली ब्रिटनने कारखान्यातल्या धुळीबद्दल नियम केले. १९३५ साली अमेरिकेतल्या रेबेस्टॉस-मॅनहॅटन कंपनीच्या अध्यक्षांनी, समनर सिम्प्सन यांनी, जॉन्स-मॅनव्हिल कंपनीच्या वकिलाला एक पत्र लिहिलं. त्याचा मतितार्थ असा होता की ॲसबेस्टॉसबद्दल जितकं कमी बोललं जाईल तितकं आपल्या भल्याचं. हा पत्रव्यवहार सत्तरच्या दशकात कोर्टकचेरीत बाहेर आला. तोवर न्यूयॉर्कच्या डॉ. अर्व्हिंग सेलिकॉफ यांनी १९६४ साली इन्शुलेशनच्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध करून हा विषय चव्हाट्यावर आणला होता. १९८२ साली दाव्यांच्या ओझ्याखाली जॉन्स-मॅनव्हिलने दिवाळखोरीसाठी अर्ज केला.

म्हणजे तुमच्या-माझ्या छतावर ही खिचडी फवारली गेली तेव्हा ती वाईट आहे हे कुणाला ना कुणाला ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी न बोलायचं ठरवलं, आणि ज्यांना विचारता आलं असतं त्यांनी न विचारायचं. आपण त्या कंपन्यांना शिव्या घालतो, त्यांच्यावरच्या डॉक्युमेंटरी बघून हळहळतो, आणि मग वास्तुशांतीच्या पंगतीत बसून म्हणतो, "टेस्ट करू नको रे, उगाच लचांड." १९३५च्या त्या पत्राहून हे वाक्य वेगळं कसं, ते मला कुणीतरी समजावून सांगा.

यावर जी उत्तरं मिळतात ती मी क्रमाने घेतो.

एक. "आमचा काँट्रॅक्टर वीस वर्षं हेच करतोय, तो बघून सांगतो." बघून सांगता येत नाही. कागदाच्या लगद्याचा दाणा आणि ॲसबेस्टॉसचा दाणा डोळ्याला सारखाच दिसतो. नुसत्या नजरेने खनिज ओळखणाऱ्या माणसाने छतं खरवडण्यात आयुष्य का घालवावं?

दोन. "एकदाच तर खरवडायचंय. एकदाने काय होतंय?" हा आक्षेप मी खरंच गंभीरपणे घेतो, कारण यात तथ्य आहे. ॲसबेस्टॉसने आजारी पडलेले बहुसंख्य लोक वर्षानुवर्षं त्याच्यात काम केलेले होते. एका शनिवारच्या धुळीने तुम्हाला व्यक्तिशः काही होण्याची शक्यता कमी आहे. पण दोन गोष्टी विसरू नका. ती धूळ शनिवारी संपत नाही. ती कार्पेटमध्ये बसते, हीटरच्या डक्टमध्ये जाते, आणि साध्या व्हॅक्युमने झाडायला गेलात तर फिल्टरमधून आरपार जाऊन पुन्हा खोलीभर होते. तुमचं वर्षाचं पोर त्याच कार्पेटवर रांगतंय, आणि त्याच्यापुढे आजार उपटायला लागणारी चाळीस वर्षं पडलेली आहेत, तुमच्यापुढे नसतील कदाचित.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. एकदा तुमच्यासाठी. जो माणूस शिडीवर चढून खरवडतो त्याच्यासाठी नाही. तो काल दुसऱ्याच्या घरी होता, उद्या तिसऱ्याच्या असेल. तुमचा काँट्रॅक्टर स्वतः शिडीवर चढत नाही. तो सकाळी सामानाच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या मजुरांतून दोघांना गाडीत घालून आणतो. पुण्यात मजूर अड्डा असतो तसाच प्रकार, फक्त इथे भाषा स्पॅनिश. त्यांच्या तोंडाला असतो तो कागदी मास्क, ज्याचा या तंतूंसमोर फारसा उपयोग नाही. त्याला लागतो तो घट्ट बसणारा, पी-१०० फिल्टरचा रेस्पिरेटर. कॅलिफोर्नियाचा नियम सांगतो की ०.१ टक्क्याहून जास्त ॲसबेस्टॉस असलेलं शंभर चौरस फुटांचं किंवा त्याहून मोठं काम असेल तर ते सरकारकडे नोंदणी झालेल्या काँट्रॅक्टरनेच करायचं. बारा बाय पंधराचा एक हॉल म्हणजे १८० चौरस फूट. हद्द एका खोलीतच ओलांडली. पण रिपोर्टच नसेल तर हा नियम आठवून देणार कोण? तुमच्या 'न कळण्याने' त्या माणसाचा मास्क काढून घेतला. किंमत कमी झाली म्हणता ना, ती अशी झाली.

१९९५ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ॲसबेस्टॉस कामगारांच्या खटल्यात निकाल देताना सांगितलं की कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि कारखान्याने त्याच्या आरोग्याच्या नोंदी किमान चाळीस वर्षं ठेवाव्यात. चाळीस वर्षं! न्यायालयाला कळलं होतं की हा आजार उशिरा येतो. आपल्या शिडीवरच्या माणसाची चाळीस दिवसांची तरी नोंद कुणाकडे असते का?

तीन. "इथला कायदाच परवानगी देतो." बरोबर. चार किंवा त्याहून कमी बिऱ्हाडांच्या निवासी इमारतीला केंद्राचा पाडकामाचा ॲसबेस्टॉस नियम लागू होत नाही, आणि स्वतःच्या घरात स्वतः खरवडणाऱ्याला अडवायला सहसा कुणी येत नाही. पण कायदा अडवत नाही यावरून धूळ निरुपद्रवी ठरत नाही. १९७२ साली ती फवारायलाही कायद्याची पूर्ण परवानगी होती.

चार. "रीसेल!" हा तर ब्रह्मास्त्रासारखा वापरला जातो. पाच-सात वर्षांनी येणाऱ्या एका काल्पनिक गिऱ्हाइकाला गुळगुळीत छत आवडेल म्हणून आज खऱ्या माणसांच्या नाकात खरी धूळ. बरं, त्या गिऱ्हाइकाचं तरी काय? त्याला तुम्ही विकताय ते असं घर, ज्याच्या डक्टमध्ये काय आहे हे तुम्ही ठरवून जाणून घेतलेलं नाही. तोही मान वर करून बघेल, खूश होईल, आणि त्याचं पोर तिथे रांगेल. तुम्ही घेताना तुम्हाला कुणी असं फसवलेलं चाललं असतं का?

पाच. "म्हणजे आयुष्यभर त्या खिचडीखाली राहायचं?" अजिबात नाही. आणि मला वाटतं या चर्चेत सगळ्यात मोठा गोंधळ इथेच आहे. लोकांना वाटतं दोनच पर्याय आहेत: खरवडा, नाहीतर सहन करा. असं नाहीये. आपण रोज जुन्या कोडवर काम करतो. आतलं काय आहे ते ठाऊक नसलेलं मॉड्यूल आपण आल्या आल्या उखडत नाही. आधी टेस्ट चालवतो. चालतंय तर ठेवतो, नाहीतर त्याच्यावर एक स्वच्छ वेष्टण चढवतो, आणि अगदीच सडलं असेल तर नीट प्लॅन करून काढतो. ऑफिसात कळतं ते घरी आल्यावर का विसरायचं?

तर क्रम असा असावा.

आधी नमुना. ईपीएचं म्हणणं आहे की तो प्रशिक्षित माणसाकडून घ्यावा, आणि शक्य असेल तर तसंच करा. स्वतः घेणारच असाल तर पंखा, हीटर, एसी बंद करा. मुलांना बाहेर पाठवा. रेस्पिरेटर घाला. पाण्यात दोन थेंब भांडी घासायचं लिक्विड टाकून फवाऱ्याने ती जागा चिंब भिजवा, म्हणजे धूळ उडत नाही. छोटा तुकडा पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. खालची जागा ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकंही पिशवीत बंद करून टाका. एकाच खोलीतून घेऊ नका, दोन-तीन ठिकाणचे घ्या, कारण मधल्या काळात कुणीतरी एखादी खोली वेगळ्या मालाने दुरुस्त केलेली असू शकते. मान्यताप्राप्त लॅबला पाठवा.

रिपोर्ट 'नाही' आला, तर अभिनंदन. खरवडा हवं तर. (दाण्यांवर रंग मारलेला असेल आणि घर १९७८च्या आधीचं असेल, तर शिशाचीही चाचणी करा. घरगुती शिशाच्या रंगावरची बंदीही त्याच सालची.) फक्त एवढं लक्षात असू द्या की खरवडणं हा कामाचा लहान भाग आहे. दाणे निघाल्यावर खाली दिसतात ते सत्तरच्या दशकातले जेमतेम भरलेले सांधे, जे लपवायलाच दाणे मारले होते. पुढचं भरणं-घासणं हे खरं काम, आणि खरा खर्चही तोच. दाण्यांवर रंग बसलेला असेल तर पाणी आत शिरत नाही आणि खरवडणं म्हणजे शिक्षा होते.

रिपोर्ट 'आहे' आला, तरी आकाश कोसळत नाही. छत घट्ट असेल, गळत नसेल, तर तसंच ठेवा. फार तर हलक्या हाताने फवारणीचा रंग मारून घ्या. रोलर नको, तो दाणे सोबत घेऊन येतो. नवे दिवे-पंखे बसवायला छिद्रं पाडू नका, पाडायचीच तर जाणकार माणसाकडून. आणि मुलांचा बंक बेड त्या खोलीत लावू नका. वरच्या बेडवरच्या पोराचा हात छताला पोचतो आणि पोरं दाणे खरवडतातच, तो त्यांचा जन्मसिद्ध हक्क आहे.

दिसणं सहनच होत नसेल तर झाका. जुन्या छताखाली नवीन ड्रायवॉल, किंवा लाकडी पट्ट्या. बारा बाय पंधराच्या हॉलला सहा पाट्या लागतात. खोलीची उंची अर्धा-पाऊण इंच कमी होते, जी आठ फुटांत कुणालाही कळत नाही. दिव्यांच्या पेट्या तेवढ्या खाली आणाव्या लागतात. स्क्रू जुन्या थरातून जातात तिथे थोडी धूळ होतेच, म्हणून हेही काम रिपोर्ट दाखवून, ॲसबेस्टॉसचं काम कळणाऱ्या माणसाकडूनच करून घ्यायचं. पण अख्खं छत खरवडण्याच्या तुलनेत ती नगण्य. आणि वरचं सपाट छत कोरं करकरीत.

छत गळून दाणे लोंबत असतील, तर मात्र काढायलाच हवं, आणि ते नोंदणी असलेल्यांकडूनच. ते लोक खोली प्लास्टिकने बंद करतात, आतली हवा हेपा फिल्टरमधून बाहेर ओढतात, काम ओलं ठेवतात आणि शेवटी हवेची तपासणी करून घेता येते. महाग आहे. पण 'महाग' म्हणजे नेमकं काय? ही कामाची खरी किंमत आहे. आधीच्या स्वस्त कोटेशनमध्ये ती कुणाच्या तरी फुप्फुसातून वळती केलेली होती.

आणि झाका, ठेवा वा काढा, रिपोर्टची प्रत घराच्या फाइलमध्ये ठेवा आणि विकताना सांगा. "छतावर अमुक टक्के आहे, अमुक साली झाकलंय, वर खिळा मारू नका." हे वाचून चांगलं गिऱ्हाईक पळून जात नाही. बे एरियात जुनं घर घेणाऱ्याला जुन्या घरात काय असतं ते ठाऊक असतं. तो थोडा भाव पाडेल. पाडू दे. तेवढीच तुमच्या झोपेची किंमत.

एक गंमतही सांगून ठेवतो. ज्यांनी ज्यांनी छत खरवडून खाली लाकडी फ्लोअरिंग केलं, त्यातल्या दोघांनी आता भिंतीला फोमचे चौकोन चिकटवलेत. मीटिंगमध्ये आवाज घुमतो म्हणे! बिचारं पॉपकॉर्न, त्याने जन्मात एक बरं काम केलं होतं.

असो. मला छताच्या सौंदर्याबद्दल कुणाला शिकवायचं नाहीये. झाका, खरवडा, निळा रंग मारून त्यावर चांदण्या चिकटवा, तुमचं घर आहे. छत झाकण्यात काहीच वाईट नाही. कोंबडं तेवढं झाकू नका. या शनिवारी शिडी काढायच्या आधी एक पाकीट आणि दोन पिशव्या काढा. आणि जो कुणी "टेस्ट करू नका साहेब" म्हणेल, त्याला चहा पाजून दारापर्यंत सोडून या.

ता. क. - लंडनवाल्या मित्रांनी हसू नये. तुमच्याकडच्या छतावरच्या नक्षीदार आर्टेक्समध्येही ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत ॲसबेस्टॉस असायचं, आणि ब्रिटनमध्ये पांढऱ्या ॲसबेस्टॉसवर पूर्ण बंदी आली ती १९९९ साली. अमेरिकेत त्याच क्रिसोटाइलच्या उरल्यासुरल्या वापरावर बंदीचा नियम निघाला मार्च २०२४मध्ये. आणि गावाकडे गोठ्यावर, पडवीवर, वर्कशॉपवर जे सिमेंटचे पत्रे आहेत त्यांतल्या बऱ्याच पत्र्यांत हाच माल आहे. भारत आजही तो बाहेरून आणणाऱ्या मोठ्या देशांपैकी एक आहे. या दिवाळीत घरी गेलात आणि बाबा "पत्रे जुने झाले, फोडून टाकू" म्हणाले, तर त्यांना फोडू देऊ नका. पाण्याने भिजवून अख्खेच्या अख्खे उतरवायला सांगा.